एकाच पानाची खिडकी

“वीजबिलावरसुद्धा याच्यापेक्षा जास्त रंग असतात, आत्या.”

पुतण्याने लॅपटॉप फिरवून तिच्यासमोर ठेवला, तो अर्धा वाटाण्याच्या शेंगांवरच. आत्याने खालून शेंगा ओढून घेतल्या आणि सोलत राहिली.

“वीजबिल लोक शेवटच्या आकड्यापर्यंत वाचतात,” ती म्हणाली.

“नाइलाज म्हणून वाचतात.”

“पण वाचतात.”

रविवार होता. भांडण सकाळच्या चहाला सुरू झालं होतं आणि आता दुपारच्या भाजीपर्यंत येऊन पोचलं होतं. ओट्याशी वहिनी उभी होती, म्हणजे पुतण्याची आई. आज कोणाचीच बाजू घ्यायची नाही असं ठरवून ती उठली होती, त्यामुळे तिला काहीच बोलता येत नव्हतं. दाराजवळच्या खुर्चीत आत्याचे थोरले भाऊ, पुतण्याचे वडील, दादा, पेपर वाचत होते. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, आणि घरात भांडण असलं की ते नेमका तोच कान घराकडे करून बसतात.

लॅपटॉपवर एक पांढरं पान होतं. वर मोठ्या अक्षरांत ‘खिडकी’, आणि त्याच्या शेजारी नखाएवढं एक काळं फूल. खाली निळ्या अक्षरांत ओळी: भाड्याने देणे. भाड्याने हवे. विकणे. काम हवे. माणूस हवा. शिकवणी. हरवले. सापडले. उरलंसुरलं. बस, एवढंच. ओळीवर बोट ठेवलं की आत आणखी ओळी, त्या दिवशीच्या जाहिरातींच्या, ताजी सगळ्यात वर. गावातल्या छोट्या जाहिराती गेली पंधरा वर्षं या पानावर येत होत्या, आणि हे पान आत्याचं होतं.

“हे मी कॉलेजात असताना एका दुपारी केलं,” पुतण्या म्हणाला. “एका दुपारी. तेव्हा मला जेवढं येत होतं तेवढं केलं. आणि तू अजून तेच मिरवतेस. मित्र विचारतात, हे असलं कोणी केलंय रे, तर मी सांगतो, माहीत नाही बुवा.”

आत्याचा हात शेंगेवर थांबला. “असं सांगतोस?”

“मग काय सांगू?”

तिने पुढची शेंग फोडली. वाटाणे ताटात पडल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

पुतण्याची बायको आतून केस पुसत आली. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसायची आणि गेले चार महिने तिच्याच पगारावर घराचं बरंचसं चाललं होतं, कारण चार महिन्यांपूर्वी पुतण्याच्या कंपनीने त्याचा अख्खा विभाग एका मेलने बंद केला होता. तेव्हापासून तो रोज आठ वाजता दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून घरातच बसायचा. त्याला “आज काय?” असं विचारायचं नाही, हे कोणी न सांगता सगळ्यांनी पाळलं होतं.

“आत्या, तुम्ही नवीन एकदा नीट बघा तरी,” सून म्हणाली. “दोन महिने मान वर केली नाही यांनी. तो मित्रही फुकट राबलाय.”

मित्र चित्रं आणि रंग बघणारा होता. आत्या त्याला रंगारी म्हणायची, पण त्याच्या पाठीमागे.

पुतण्याने बटण दाबलं. क्षणभर एक चाक गोल फिरलं आणि मग पान उमललं. वर एक हसरं कुटुंब, हातात नव्या घराची किल्ली. ते सरकलं आणि चकचकीत गाडी आली. ती सरकली आणि सोफा आला. खाली आठ रंगीत गोल, प्रत्येकात एक चित्र. कोपऱ्यातून एक हात वर आला आणि हलला.

दादांनी पेपर खाली घेतला. “हे कुटुंब कुठलं? गावात कधी पाहिलं नाही.”

“ते फक्त फोटोतलं आहे, बाबा.”

“आणि तो हात कोणाचा?”

“कोणाचा नाही. स्वागत करतो तो.”

“बुडत असल्यासारखा वाटतो,” दादा म्हणाले आणि पुन्हा पेपरात गेले.

आत्याने सगळं बघितलं. तिला एकच प्रश्न पडला होता. “उरलंसुरलं कुठंय?”

“ते काढलं. त्याला चित्र काय काढणार? आठ गोल बसतात, नऊ बसत नाहीत.”

“म्हणजे गोल बसत नाहीत म्हणून माणसं काढली.”

“आत्या, मला यातून धंदा उभा करायचाय. खरा. तुझ्या या पानावर मी कोणाला काय दाखवू? आणि तुला एवढं साधंच हवं असेल, तर ते फूल कशाला ठेवलंयस? ते काय कामाचं आहे?”

हे मात्र वर्मी लागलं. तिने ताट बाजूला केलं.

“आठ दिवस,” ती म्हणाली. “मंगळवारपासून तुझं पान लाव. माझं बाजूला ठेव, पुसू नकोस. आठ दिवसांनी बघू.”

वहिनीने सुस्कारा सोडला आणि वाटाण्यांचं ताट उचलून नेलं.

*

गावात तिला खिडकीवाल्या बाई म्हणतात. एकोणिसाव्या वर्षी ती एका छोट्या साप्ताहिकाच्या जाहिरातखिडकीवर बसली आणि सत्तावीस वर्षं तिथून उठली नाही. खिडकी दीड हात रुंद होती. पितळी जाळी, आणि खाली हात जाईल एवढी फट. बाहेर ऊन असलं की लोकांचे चेहरे दिसायचे नाहीत, फक्त हात दिसायचे, आणि हातांवरूनच तिला कळायचं की माणूस विकायला आलाय की शोधायला. शोधणाऱ्याच्या हातातला कागद घामाने मऊ झालेला असायचा.

साप्ताहिकाचे मालक स्वतः छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत वर आलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला सांगितलं, “पोरी, जाहिरातीत तीन गोष्टी असतात. काय आहे, कुठे आहे, कोणाला विचारायचं. चौथी गोष्ट कोणी सांगायला लागला तर त्याला चहा पाज, पण छापू नकोस.”

तिने ते शब्दशः पाळलं. एक गृहस्थ कपाट विकायला आले, साठ शब्द लिहून. त्यात त्यांचे वडील होते, लाकडाचं कूळ होतं, शेवटी ‘सुवर्णसंधी’ होती. तिने जाळीआड बसून पेन्सिल चालवली आणि कागद परत सरकवला. ‘लाकडी कपाट, तीन कप्पे, आरसा शाबूत. जुन्या टपालकचेरीमागे.’ गृहस्थ भडकले. वडील कुठे गेले म्हणून विचारायला लागले. कपाट दोन दिवसांत गेलं, आणि तिसऱ्या दिवशी ते खिडकीवर एवढंच सांगायला आले की घेणाऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो आरशाचा.

‘उत्तम’, ‘आकर्षक’, ‘एकदा अवश्य भेट द्या’ हे तिच्या खिडकीतून कधीच आत गेलं नाही. “आकर्षक आहे की नाही ते बघणारा ठरवेल,” ती म्हणायची. “तुम्ही उंची सांगा.”

चूक तिच्याकडून एकदाच झाली. शिलाई मशीनच्या जाहिरातीत टेलिफोनचे दोन आकडे उलटसुलट छापले गेले आणि तीन दिवस सगळे फोन एका निवृत्त न्यायाधीशांकडे गेले. ते काठी टेकत खिडकीवर आले आणि शांतपणे म्हणाले, “मला शिवता येत नाही, हे मी आतापर्यंत एकतीस लोकांना सांगितलं आहे.” त्या दिवसापासून ती प्रत्येक नंबर शेवटून पहिल्याकडे वाचून दाखवायला लागली. सरळ वाचला की कान पुढचा आकडा आधीच ऐकून टाकतो. उलटा वाचला की प्रत्येक आकडा एकटा उभा राहतो. गावातली अर्धी माणसं स्वतःचा नंबर उलटा सांगू शकतात, ते तिच्यामुळे.

साप्ताहिक बंद पडलं तेव्हा ती शेहेचाळीसची होती. यंत्र भंगारात गेलं. जाळी कोणी नेली कळलं नाही. तिने फक्त एक गोष्ट पदराखाली आणली. फुलाचा एक शिशाचा खिळा, छोट्या जाहिरातींचा रकाना संपला की शेवटी छापायचा तो.

ती घरी बसली, पण लोक थांबेनात. ते दोन मजले चढून घरी यायला लागले. वहिनी चहा करून दमली. “वन्सं, तुमची कचेरी आता माझ्या ओट्यावर आली,” ती म्हणाली, आणि ते काही कौतुक नव्हतं. तेव्हा पुतण्या एकोणीस वर्षांचा होता. आईची कटकट थांबावी म्हणून त्याने एका दुपारी ते पान करून दिलं. त्याने विचारलं, “काय काय लिहायला जागा हवी?” आत्या म्हणाली, “काय, कुठे, नंबर.” त्याने तीन चौकटी केल्या. फूल तिने नंतर हट्टाने घालून घेतलं.

पानावर जाहिरात टाकली की ती लगेच दिसत नाही. आधी आत्याचा फोन जातो. ती नंबर उलटा वाचते, समोरचा हो म्हणतो, मग जाहिरात वर चढते. घर आणि गाडी विकणारे पैसे देतात, बाकीच्यांना फुकट. त्यावर ती पंधरा वर्षं आपल्या हिश्शाचा खर्च घरात देत आली आणि कोणापुढे हात पसरला नाही. या एका जिन्यावरच्या आठ घरांपैकी पाच त्या पानावरून भाड्याने गेलेली. एकदा शहरातून एक टाय लावलेला माणूस आला, पानाच्या कडेला लुकलुकणाऱ्या पाट्या लावू द्या म्हणाला. तिने विचारलं, “त्या वाचणाऱ्याला बंद करता येतात का?” तो नाही म्हणाला. तिने त्याला चहा पाजला आणि जिन्यापर्यंत सोडलं.

पण तिचा खरा जीव उरलंसुरलंमध्ये. कुठेच न बसणाऱ्या जाहिरातींचा तो रकाना. ‘आजोबांना रोज दोन तास वाचून दाखवणारे कोणी हवे, आवाज मोठा.’ ‘बुद्धिबळातला एक काळा हत्ती हवा.’ आणि सात वर्षांपूर्वी एका घड्याळदुरुस्तीवाल्याने टाकलेली: ‘बूट, आठ नंबर. मला फक्त डावा लागतो. उजवा लागणाऱ्याने विचारावे.’ चौथ्या दिवशी एका गोदामाच्या पहारेकऱ्याचा फोन आला. त्याचा डावा पाय गेलेला, घड्याळवाल्याचा उजवा. तेव्हापासून दोघं दरवर्षी मिळून एक जोड घेतात. एकाला तपकिरी आवडतो, दुसऱ्याला काळा, त्यावरून दुकानात तासभर वाद घालतात. आत्याने ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली आहे की ती सुरू झाली की वहिनी पातेली घासायला घेते.

*

मंगळवारी नवं पान लागलं. एरवी दिवसाला ऐंशी-नव्वद जाहिराती यायच्या. पहिल्या दिवशी एकोणीस आल्या.

“सवय व्हायला वेळ लागतो,” पुतण्या म्हणाला.

बुधवारी अकरा. गुरुवारी सात, त्यातल्या दोन रंगाऱ्याने आपल्या घरच्या वस्तूंच्या टाकलेल्या. घरचा फोन मात्र दिवसभर वाजत होता. आत्या प्रत्येकाला एकच सांगायची, “आठ दिवस थांबा.” कोण काय म्हणालं ते तिने पुतण्याला सांगितलं नाही. शब्द दिला होता, आणि तो पाळायचा म्हणजे जिंकतानाही पाळायचा. सकाळच्या वेळी नंबर वाचायचे नसल्यामुळे तिच्या हातांना काय करावं सुचत नव्हतं. तिने आपलं कपाट आवरलं.

“तिसऱ्यांदा तेच कपाट,” वहिनी म्हणाली. “वन्सं, माझं आवरा की एखादं.”

शुक्रवारी सून लॅबमधून आली ती गप्प होती. ताटं वाढताना तिने नवऱ्याकडे दोनदा बघितलं आणि दोन्हीदा काही न बोलता भाजीच वाढली.

“पुरे,” तो म्हणाला. “आज काय दोन दिवसांचं एकदम जेवायला घालतेस का?”

ती हसली, पण अर्धंच.

सहाव्या दिवशी, रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला दाराची बेल वाजली. पुतण्याने दार उघडलं. दारात तो घड्याळवाला होता, कुबडीवर भार टाकून, दोन मजल्यांचा दम लागलेला.

“बाई आहेत? खिडकीला कुलूप दिसलं म्हणून आलो.”

“कुलूप नाही, काका. नवीन केलंय. या, बसा. काय टाकायचंय? मी टाकून देतो.”

आत्या आतल्या दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. घड्याळवाल्याने तिला मान लववली, खुर्चीत बसला, कुबडी भिंतीला लावली आणि खिशातून एक गोल घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

“घाई आहे का?” पुतण्याने विचारलं.

“नाही रे. सवय. लोक बोलताना चेहऱ्याकडे बघतात, मी काट्याकडे बघतो.”

मग त्याने सांगितलं. पहारेकऱ्याच्या पायाला आता सूज असते. आठ नंबर चढत नाही, नऊ लागतो. मैत्री आहे तशी आहे, पण बूट तुटला. त्याला नवा उजवा पाय शोधायचा होता.

पुतण्याने लॅपटॉप मांडीवर घेतला. चाक फिरलं, कुटुंब आलं, हात हलला. “हं. वस्तूचा प्रकार. बूट म्हणजे... फॅशन.”

“माझ्या बुटाला फॅशन म्हणतोस? बघ बुवा.”

“विकायचाय की घ्यायचाय?”

“दोन्ही नाही. निम्मा घ्यायचाय.”

“घ्यायचाय धरू. कंपनी कुठली?”

“मिळेल ती.”

“काहीतरी लिहावं लागेल, त्याशिवाय पुढे जात नाही.” त्याने काहीतरी लिहिलं. “जोड्या किती? एक करतो.”

“एक नको ना. सगळी अडचण तीच आहे. अर्धी.”

“अर्धी घेत नाही हे.” पुतण्याच्या कपाळावर घाम यायला लागला होता. “आता फोटो.”

“कशाचा?”

“वस्तूचा. फोटो घातल्याशिवाय...”

“वस्तू तर एक माणूस आहे, आणि तो सापडायचाय. मग कशाचा देऊ? नसलेल्या पायाचा?”

दादांनी पेपराआड तोंड लपवलं, पण पेपर हलत होता. वहिनी चहा घेऊन आली आणि लेकाच्या चेहऱ्याकडे बघून तशीच उभी राहिली. पुतण्याने घड्याळवाल्याच्या एकुलत्या एका बुटाचा फोटो काढला. मग ईमेल मागितला. नव्हता, म्हणून तयार केला. मग पासवर्ड. त्यात एक आकडा आणि एक खूण हवी होती. मग त्या ईमेलवर आलेलं पत्र उघडून त्यातल्या निळ्या चौकोनावर बोट ठेवायचं होतं. शेवटी पडद्यावर हिरवी अक्षरं आली: तुमची जाहिरात तपासणीसाठी पाठवली आहे.

“आता तपासणार कोण?” घड्याळवाल्याने विचारलं.

पुतण्याने कपाळ पुसलं. “मीच,” तो म्हणाला.

“बावीस मिनिटं.” घड्याळवाल्याच्या आवाजात तक्रार नव्हती. दुकानात गिऱ्हाईकाला घड्याळ किती मागे पडतंय ते सांगावं, तसं त्याने सांगितलं.

पुतण्या लॅपटॉपकडे बघत राहिला. मग त्याने मान न वळवता हाक मारली. “आत्या. जुनं बाजूलाच आहे. पुसलं नाही मी.”

ती पुढे आली, पण लॅपटॉपला तिने हात लावला नाही. “त्यांच्या फोनवरच काढून दे. ते स्वतः टाकतील.”

घड्याळवाल्याचा फोन जुना होता, काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेलेला. पुतण्याने पान काढून दिलं. घड्याळवाल्याने एक बोट उचललं आणि ते हवेतच धरून थांबला.

“काय झालं?” आत्याने विचारलं.

“काही नाही. फूल येऊ दे.”

“म्हणजे?”

“ते फूल उशिरा येतं, बाई. आणि आलं की सगळ्या ओळी खाली सरकतात. आधीच बोट ठेवलं तर भलतीकडेच पडतं. मागच्या खेपेला शिकवणीत गेलो होतो. तेव्हापासून फूल येईपर्यंत थांबतो. सगळेच थांबतात. आमच्या बाजारात म्हणतात, फूल आलं, चला.”

आत्याच्या तोंडावरचा रंग बदलला. घरातल्या जलद नेटवर फूल पानासोबतच यायचं. पंधरा वर्षांत तिला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिने कोणाला विचारलंही नव्हतं.

फूल आलं. घड्याळवाल्याने उरलंसुरलंवर बोट ठेवलं. काय: बूट आठ नंबर, मला डावा, तुम्हाला उजवा. कुठे: घंटाघराखाली. नंबर. त्याने शेवटचा आकडा दाबला आणि मांडीवर बघितलं.

“अठ्ठेचाळीस सेकंद. त्यातले चार फुलाचे.”

आत्याने चष्मा लावला आणि त्याचा नंबर शेवटून वाचायला घेतला. तो एकेका आकड्याला हं म्हणत गेला. दहावा झाला, तिने चष्मा काढला. “चढली जाहिरात.”

त्याने चहा संपवला, घड्याळ खिशात टाकलं आणि कुबडी घेतली. जिन्यापर्यंत त्याला सोडायला पुतण्या गेला. परत यायला त्याला जरा वेळ लागला.

*

तो आला तेव्हा सगळे तिथेच होते. त्याने लॅपटॉप मिटला.

“हस आता,” तो आत्याला म्हणाला.

“कशाला हसू?”

“तुझंच बरोबर निघालं.”

“त्याच्या बोटाचं बरोबर निघालं.”

सून भिंतीला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, “शुक्रवारी लॅबमध्ये एक आया आली होती, शेजारणीला सोबत म्हणून. ती काम शोधायला रोज बसथांब्यावर आपलं पान बघते. म्हणाली, तुमच्या घरचं ना ते, माझ्या फोनमध्ये नुसतं चाक फिरतं. चार दिवस तिला काम नाही.”

“मला का नाही सांगितलंस?” पुतण्याने विचारलं.

“सांगितलं असतं तर जेवला नसतास.”

पुतण्या खुर्चीत बसला आणि त्याने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. त्या तो एरवी कधी वर करत नसे.

“मला काही येत नव्हतं म्हणून ते तसं झालं, आत्या,” तो म्हणाला. “एकोणिसाव्या वर्षी अक्कल नव्हती, दुसरं काही घालता आलं नाही. त्याला डिझाइन म्हणू नकोस.”

“असेल,” आत्या म्हणाली. “तुला येत नव्हतं म्हणून ते साधं झालं. पण पंधरा वर्षं ते साधं राहिलं, ते मला येत होतं म्हणून. दर महिन्याला कोणीतरी यायचं, हे घाला, ते लावा, हा रंग द्या. टाय लावून यायचे. मी एकालाही आत येऊ दिलं नाही. तुला वाटलं, म्हाताऱ्या आत्याला जमत नाही, म्हणून पान तसंच पडून आहे. ते पडून नव्हतं. मी ते राखत होते.”

तिचा आवाज चढला नव्हता. उलट खाली आला होता, जाळीआडून बोलल्यासारखा.

“आणि तू लोकांना सांगतोस, कोणी केलं माहीत नाही,” ती म्हणाली. “मी खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, माझ्या पुतण्याने केलंय. त्याच्याहून चांगलं काम तू नंतर केलं असशीलही. मला दिसलेलं नाही.”

पुतण्याने मान खाली घातली. वहिनीने पदराने ओटा पुसला. ओटा कोरडाच होता.

“मग आता दोन महिन्यांचं काय करायचं?” त्याने विचारलं. “सगळं फेकायचं?”

“तुझ्या पानावर अक्षरं मोठी आहेत. मी नीट बघितलं. चष्म्याशिवाय वाचता येतात. ती माझ्या पानाला लाव.”

“तेवढंच?”

“तेवढंच.”

“वाटाण्याएवढं निघालं दोन महिन्यांतून,” तो म्हणाला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा स्वतःवरच हसला. सूनही हसली, या वेळी पूर्ण.

आत्या आपल्या खोलीत गेली. तिने कपाट उघडलं, आवरून आवरून त्यात काही शोधायचं उरलंच नव्हतं. वरच्या कप्प्यातून शिशाचा खिळा काढला, बोटांत फिरवला. फुलाच्या पाकळ्या झिजल्या होत्या. तिने तो पुन्हा कप्प्यात ठेवला, जरा आत, आणि कपाट लावून घेतलं.

बाहेर वहिनीने ताटं मांडली होती. सगळे बसले. आत्या बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, आणि भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं त्या सुरात बोलली.

“आज संध्याकाळपासून जुनं पान पुन्हा लागेल. अक्षरं मोठी होतील. उरलंसुरलं सगळ्यात खाली होतं, ते वर जाईल. माझं आता एकसष्ट झालं, सकाळी आवाज बसतो. तर नंबर वाचायला हा बसेल. रोज सातला, माझ्या टेबलाशी. सरळ वाचायचे नाहीत, शेवटून वाचायचे. सरळ वाचलेला मला ऐकू आला तर मी उठून येईन.”

पुतण्याने विरोध करायला तोंड उघडलं होतं. मग त्याने पाण्याचा पेला उचलला.

“आणि ते फूल काढ,” आत्या त्याला म्हणाली.

“आत्या, फूल राहू दे. मी ते हलकं करतो. आधीच जागा धरून ठेवतो, ओळी सरकणार नाहीत. येतं तसं करता.”

“नको.”

“वन्सं,” वहिनी म्हणाली, “अहो, तेवढं तरी.”

“तीन गोष्टी असतात. काय, कुठे, नंबर. फूल चौथं आहे.”

दादांनी कानामागे हात धरला. “काय म्हणाली ती?”

“फूल काढणार,” आत्याने मोठ्याने सांगितलं, “आणि उद्या सातपासून खिडकीवर हा बसणार.”